जोडतिकीट आणि लोटन आबांची दाढी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय गिरधर नाना, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती लोटन आबा, शेजारी संकोचून बसलेल्या त्यांच्या पत्नी धुरपदाअक्का आणि बंधुभगिनींनो,

मी हिलाल, आपल्या प्रवासी मंडळाच्या बसचा ड्रायव्हर. माइकपुढे उभं राहण्यापेक्षा बिजासनचा घाट बरा, हे मला आत्ता कळलं.

सत्त्याऐंशी साली आपले नियंत्रक आबा यांनी जोडतिकीट सुरू केलं. धुळ्यापर्यंत रेल्वे, स्टेशनवरून तांगा, पुढे आपली बस. बसला परराज्याचा परवाना नाही, म्हणून सीमेचा नाका पायी ओलांडायचा आणि पलीकडे सुकदेवभाऊंच्या मेटॅडोरमधून मध्य प्रदेशातलं सेंधवा. चार वाहनं, दोन राज्यं, चिठ्ठी एक. आम्ही हसलो. कोण हसलं नव्हतं?

पहिल्या दिवशी असं तिकीट एकच खपलं होतं. जामद्याच्या यशोदाबाईंचं. त्यांची लेक सेंधव्याला, दिवस भरलेले, घरात दुसरं बाईमाणूस नाही. आणि नेमकी त्याच दिवशी त्यांना आणणारी चाळीसगावची रेल्वे दीड तास लेट!

माझी बस भरलेली. मी म्हणालो, "आबा, शिट्टी द्या. एका बाईसाठी तीस माणसं उन्हात?"

आबा म्हणाले, "तिला आपण धुळ्याचं तिकीट दिलेलं नाही, हिलाल. सेंधव्याचं दिलंय."

वाद घालतील ते आबा कसले? त्यांनी पुना न्हाव्याला बोलावलं आणि बसच्या दारातच खुर्ची टाकून दाढीला बसले. तोंडाला फेस. शिट्टी मारणार कशी? आणि नियंत्रकाच्या शिट्टीशिवाय गाडी हलत नाही, हा नियमही त्यांचाच.

दाढी झाली. उलटा वस्तराही फिरला. पुन्हा साबण लागला. प्रवासी खाली उतरून बघू लागले. शेवटी पुना हळूच म्हणाला, "आबा, आते काही उरनं नही."

आबांनी डोळे मिटले. "मिशी शे ना," म्हणाले.

वीस वर्षांची मिशी होती ती, मंडळी. अर्धी उतरली, तेवढ्यात तांगा आला. यशोदाबाई डोक्यावर गाठोडं घेऊन धावत आल्या. "भाऊ, गाडी गई का?"

अर्ध्या मिशीचे आबा उठले, फेस पुसला आणि शिट्टी दिली. मी रागारागानं स्टार्टर मारला.

नाक्यापलीकडे सुकदेवभाऊ बॉनेट उघडून उभे. मेटॅडोर धडधाकट होती. आबांनी एका ट्रकवाल्याबरोबर आधीच निरोप धाडला होता, "बाई येईपर्यंत गाडी बिघडलेली असू दे."

आठवड्यानं यशोदाबाईंचं कार्ड आलं: वेळेवर पोचले, पहाटे नात झाली, दोघी सुखरूप. त्या दिवसापासून मंडळाचा नियम झाला, मागचं वाहन आल्याशिवाय पुढचं सुटायचं नाही.

एक गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. अकरा वर्षं लोकांना सीमेपार पोचवणारे आबा स्वतः सीमेअलीकडच्या शिरपूरच्या पुढे कधी गेले नाहीत. अक्काही नाहीत; बिजासनी देवीचा घाट दोघांनीही पाहिलेला नाही.

म्हणून आम्ही सर्व चालकांनी मिळून उद्याची दोन जोडतिकिटं काढली आहेत. जागा खिडकीच्या.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. वळणावर कुठे धक्का बसला असेल तर ड्रायव्हरला सांभाळून घ्या.

आणि आबा, उद्या सावकाश या. गाडी थांबेल.