बासुंदीगत आटवलेलं पाणी

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय विजयसिंहराव, प्रमुख पाहुणे गणपतराव, व्यासपीठावरील वरिष्ठ मंडळी, पाणी तपासणी प्रयोगशाळेतले माझे सहकारी, आणि शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसलेल्या तानाबाई, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर आज, ३१ मे २००३ रोजी, मी निवृत्त होतो आहे. मघाशी आमचा कृष्णात म्हणाला, महालिंगअण्णांच्या हातून एकही रिपोर्ट कधी चुकला नाही. निरोपाच्या दिवशी माणसाला देव करायची आपल्याकडं रीतच आहे, त्यात कृष्णातचा दोष नाही. तुम्ही हुपरीहून घडवून आणलेला हा चांदीचा तांब्याही सुरेख आहे. पाणीवाल्याला तांब्या, ही कल्पना कुणाची ते मी विचारत नाही. पण रिपोर्टांचं म्हणाल, तर त्यावर बोलायलाच मी उभा आहे.

गावाबाहेरची दगडाची जुनी खण आपण सगळ्यांनी पाहिली आहे. नव्वद सालापासून गावाचा कचरा तिथं पडतो. बाजारातला कुजका भाजीपाला, दवाखान्यातल्या पट्ट्या, मेलेली जनावरं, काही म्हणून सुटलेलं नाही. खणीच्या तळाशी फटी आहेत. पावसाचं पाणी कचऱ्यातून झिरपतं, काळं होतं आणि त्या फटींतून खालच्या वस्तीच्या विहिरीत उतरतं. तिथवर पोचेपर्यंत ते गाळलं जातं, म्हणून विहीर दिसायला नितळ. तळातला दगड दिसतो. अशा पाण्यावर कोण संशय घेणार?

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात त्या पाण्यात जंतू सापडले. मी स्वतः वस्तीवर गेलो आणि पाणी उकळून प्या म्हणून सांगितलं. तानाबाईंनी विचारलं, "उकळायचं म्हंजी किती, सायेब?" लोक पाणी नुसतं कोमट करतात, हा माझा अनुभव. म्हणून मी गमतीनं म्हणालो, "बासुंदीगत आटवा की." सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो. आज चांगलं शिकवलं, असं मला घरी येईपर्यंत वाटत होतं.

बाकीच्यांनी चार दिवसांत सोडून दिलं. एवढं जळण आणायचं कुठून? तानाबाईंनी सोडलं नाही. पुढच्या वर्षी त्यांची सून संयोगिता बाळंत झाली. मुलगा झाला. तो दीड महिन्याचा असताना संयोगिताला विषमज्वर झाला आणि तिचं दूध गेलं. म्हशीचं दूध तान्ह्या पोराला जड, म्हणून आपल्याकडं त्यात निम्मं पाणी घालतात. तानाबाई पातेलंभर पाणी निम्मं होईपर्यंत आटवायच्या, फडक्यातून गाळायच्या आणि तेच दुधात घालायच्या. दहा-बारा दिवसांत बाळाचे ओठ निळे पडले. कोल्हापूरला दवाखान्यात नेईपर्यंत अंगही निळं पडलं होतं. तिथं ते गेलं. काळजात खोट असेल, असं वस्तीनं ठरवून टाकलं.

डॉक्टरांना मात्र शंका होती. त्यांनी मला फोन केला, "त्या पाण्यात नायट्रेट किती?" मी रजिस्टर उघडलं. त्या रकान्यात आडवी रेघ होती. नायट्रेट तपासायचं रसायन दोन वर्षांपूर्वी संपलं होतं. मागणीपत्रं गेली, रसायन आलं नाही, आणि आम्हाला रेघ मारायची सवय लागली. रेघ म्हणजे तपासलं नाही. वाचणारा समजतो, काही सापडलं नाही. हे मला ठाऊक होतं, तरी मी रेघा मारत राहिलो.

मग जयसिंगपूरच्या एका मित्राकडून रसायन आणलं. नायट्रेट लिटरमागं पंचेचाळीस मिलिग्रॅमच्या आत हवं, ते एकशे ऐंशी निघालं. कुजक्या कचऱ्यातून उतरणारं हे नायट्रेट मोठ्यांना सहसा जाणवत नाही, पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताला ते प्राणवायू वाहू देत नाही, आणि बाळ निळं पडतं. उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाण्याची वाफ होते आणि ते मागं राहतं. पाणी निम्मं केलं की ते दुप्पट होतं. म्हणजे तानाबाई जितक्या मायेनं आटवत होत्या, तितकं ते विष दाट होत होतं. आणि आटवायला मी सांगितलं होतं.

रिपोर्ट मी वर पाठवला. वस्ती उगाच बिथरेल, असं ठरून तो फायलीत राहिला. मीही राहू दिला. माझ्या मुलीचं लग्न ठरलं होतं, त्या वर्षी बदली नको होती. कारण एवढंच. याहून मोठं कारण असतं तर मला बरं वाटलं असतं.

मागच्या रविवारी आजचं आमंत्रण घेऊन मी तानाबाईंकडं गेलो. चुलीवर पातेलं होतंच. संयोगिता पुन्हा गरोदर आहे, श्रावणात तिचे दिवस भरतात. तानाबाई मला म्हणाल्या, "मागल्या खेपंला म्याच कुठंतरी कमी आटवलं आसंल बघा. औंदा कसूर न्हाई करायची."

चार वर्षं ही बाई स्वतःला दोष देत होती. मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं.

त्या उठल्या, पातेलं उतरवलं आणि परड्यात नेऊन ओतलं. आत आल्यावर म्हणाल्या, "मला एकलीला सांगून काय उपेग? वस्तीत आनि बी लेकुरवाळ्या हायती की. चार मान्सांम्होरं सांगणार असशीला, तर येतो निरोपाला."

त्या आल्या आहेत. म्हणून आज इथं सांगितलं.

अध्यक्षसाहेब, उद्याच त्या विहिरीवर पाटी लावा. हे पाणी पिऊ नये, उकळूनसुद्धा नाही, एवढंच लिहा. वस्तीला टँकर द्या, आणि खणीत कचरा टाकणं थांबवा. कृष्णात, माझ्यामागं त्या रकान्यात रेघ मारू नकोस. 'तपासलं नाही' असं स्वच्छ अक्षरात लिही, मग कुणी कितीही रागावू दे.

आपण दिलेल्या मानाबद्दल मी सर्वांचा मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या ओघात काही उणंअधिक झालं असेल, तर ते आपण पोटात घालावं. तानाबाई, तुमच्याकडं मात्र मी आज क्षमा मागत नाही. श्रावणात बाळ येऊ दे, चांगलं सहा महिन्यांचं होऊ दे. मग तुमच्या दारात येऊन मागेन.