चाकावरची दुसरी नळी

मुलांनो, समजा तुम्ही मालवणच्या दवाखान्यात रांगेत बसला आहात. डॉक्टरांनी सायकलच्या चाकाचं यंत्र बनवलंय. चाक गरगर फिरलं की नळीतलं लाल रक्त तळाशी बसतं, पिवळसर पाणी वर राहतं. समोर मासे विकणाऱ्या राधाबाई नात बाबलीला घेऊन बसल्यात.

“डॉक्टरानू, काल नळी फुटली. ह्या माजा शेवटचा रगत! परत सुई टोचूक दिवचंय नाय.”

“राधाबाई, चाकच हादरतं, मी काय करू?”

“आजये, नळी एकाच बाजूक आसा. होडयेत सगळी एका बाजूक बसली तर होडी उलटता मां?”

“गप गो! डॉक्टर शिकलेले आसत.”

“बोलू द्या तिला. बाबली, मग काय करायचं?”

बाबलीने दुसरी नळी उचलली, रक्ताएवढंच पाणी तिच्यात भरलं आणि चाकावर पहिल्या नळीच्या बरोबर विरुद्ध बाजूला घट्ट बांधली. डॉक्टरांनी चाक फिरवलं, आणि या वेळी ते जराही हादरलं नाही.