एका अंगणात दोन कृष्णविवरं

...आन् वर मलाच इचारतात, "आबा, तुम्ही गप का?" आता तुम्हीच सांगा मंडळी, मी बोलू कवा? मी हळू बोलणारा माणूस, पहिला शब्द काढून दुसरा हुडकेपतूर घरातल्या दोन बाया तिसरं भांडण उरकून चवथ्याला लागलेल्या असत्यात! म्हणून आज एका दमात सांगतो, मधी थांबलो तर पाळी गेली. आन् चुकलं तर हसू नका, मी आपला मेंढरामागं चाललेला माणूस.

तर तुम्हाला सांगतो, सोपान माझा धाकटा भाऊ. ल्हानपणी एका घोंगड्यात निजलेलो आम्ही. पुढं मेंढरं इकली, तो तिकडं शिरूरला शेती करून राह्यला, मी इकडं पाटसला. पंचवीस वर्सं! औंदा त्याची नजर पार अधू झाली, पोरी आपापल्या घरी नांदत्यात, तवा मीच म्हणलं, बायकूला घेऊन ये, उरलेली वर्सं एका अंगणात काढू. त्यात वाईट काय व्हतं? माझी वच्छलाबाई दिवसाला दहा शब्द बोलणार, त्यातले चार कोंबड्यांना. त्याची धुरपदा तर अशी गप, की सोपान म्हणायचा, "दादा, तिचा आवाज इसरलो मी!" दोन गप बाया एका घरात. म्हणलं, देवळासारखं शांत ऱ्हाईल.

कसलं देऊळ! आठ दिवसांत दोन्हीकडून भोंगा! "आमच्यात कालवणात येवढं मीठ घालीत न्हाईत हो..." "मग तुमच्यात काय घालत्यात, पाणी?" दोन कोपऱ्यांत दोन चुली पेटल्या. आन् ह्याच बाया पंचवीस वर्सं मुक्या व्हत्या! कसं काय? मला काय कळणार, मी मेंढरामागं चाललेला माणूस.

तेवढ्यात नात आली सुट्टीला. हर्षदा. पुण्याला कॉलेजात आभाळाचं शिकती. उंबऱ्यात उभी राहून पाच मिनिटं ऐकलं आन् लागली की हसायला. "आबा, आपल्या घरात दोन दीर्घिका धडकल्यात!" म्हणलं, हे काय आन् नवीन? तर म्हणाली, "दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा कळप. मधोमध एक कृष्णविवर असतं, कोट्यवधी सूर्यांइतकं जड."

"मंजी समदं गिळत असंल."

"छे! पार जवळ काही आलं तरच. नाहीतर युगानुयुगं गप बसून राहतं."

आजीवानी, मी म्हणलं.

"पण दोन दीर्घिका एकमेकींत शिरल्या ना आबा, की तारे नाही आपटत, ते लांब लांब असतात. पण मधला वायू ढवळतो आणि घरंगळत जातो मधे, दोन्ही विवरांच्या तोंडी. पडता पडता असा तापतो, असा चमकतो, की अख्खी दीर्घिका फिकी पडावी!"

"काळं भोक चमकतं?"

"भोक नाही हो, त्यात पडणारं!"

गेल्याच साली म्हणं एका दीर्घिकेच्या पोटात अशी दोन पेटलेली घावली. मी मनात म्हणलं, दुर्बीण कशाला, पाटसला यायचं.

कारण वायू आमच्याकडं बी आला की! नवी जाऊ बघायला गावातल्या बाया, पाहुणं, समदं मधी घरंगळायला लागलं. गेणबा पोस्टमन पत्र द्यायला आला, तर एकीचा च्या, लगेच दुसरीचा च्या, आन् वर दोघी इचारत्यात, "खरं सांगा, ग्वाड कुणाचा?" दुसऱ्या दिशी त्यानं पत्र कुंपणावरनंच फेकलं!

आन् एका दुपारी धुरपदानं गाठोडं बांधलं. "उद्याच्या येष्टीनं आमी शिरूरला." सोपान उठला. भिंत चाचपत गेला आन् आपलं घोंगडं घडी घालाय लागला. उलटं घालत व्हता, दिसत न्हाई ना त्याला... गेला तर पुन्हा कवा गाठ पडणार?

आता मी मेंढरामागं चाललेला माणूस, मला येतं तेच करणार. दोन कळप मिसळले तर काय करत्यात? एक धनगर ह्या टोकाला, एक त्या टोकाला, आन् हाळी द्यायची. ज्याचं मेंढरू त्याच्याकडं जातं. म्हणलं, बाया दोन बाजूंना झाल्या की एकेकीला गोडीनं समजावू. सोपानाला गोठ्यापाशी उभा केला, मी चिंचंखाली. नाव घेऊन हाक मारायचं ठरलं व्हतं, पर सवय वाईट... दोघांच्या बी तोंडातनं निघालं, "हुर्रऽऽ, याऽऽ!"

आल्या! दोघी आल्या, पर संगंच, पिठानं भरलेल्या हातांनी!

"मला मेंढरू समजला व्हय?" वच्छला.

"आन् मला बी? बाई, ह्या दोघांची भाकरी टाकू नका आज!"

"टाकती कशाला? चरू दे बांधावर!"

आन् गेल्या की आत, एका चुलीपाशी! गाठोडं सुटलं, शिरूरची मिरची निघाली, खलबत्ता वाजला. हर्षदा म्हणाली, "आबा, शेवटी दोन्ही विवरं एक होतात, पण कोट्यवधी वर्षं लागतात." म्हणलं, पोरी, हितं च्या उकळायच्या आत झाली.

तर सोपान राह्यला. येवढंच पाहिजे व्हतं मला, खोटं कशाला बोलू? आता त्या दोघींचं समदं पटतं. मीठ पटतं, च्या पटतो, आन् सगळ्यात जास्ती पटतं ते हे, की आम्हा दोघांचं काय बी बरोबर न्हाई. सकाळपासनं एकीनं सुरवात केली की दुसरी पुरी करती.

काल सोपान कानाशी येऊन म्हणला, "दादा, भांडत व्हत्या तेच बरं व्हतं का?"

मी म्हणलं, "गप तापत ऱ्हा, बाबा. पडायला आता आपण दोघंच उरलोय."