सौदामिनीचा शुक्रवार

— नाही राव, तुम्ही उलटं ऐकलं. पोरगी बरी झाली म्हणून पुरणाचा बेत केला, हे खरं. पण ती बरी झालीच नव्हती, आता कसं सांगू तुम्हाला! सरका जरा बाकावर इकडं, तिकडं ऊन येऊन राहिलं, तुमच्या गाडीला वेळ आहे अजून. तर सौदामिनी. माझी एकुलती एक लेक. परकर-पोलक्यात होती तेव्हापासून तिला साखरेची बीमारी. तुम्ही म्हणाल, ही तर पोट सुटलेल्या शेठ लोकांची बीमारी — सारेच म्हणतात, मी ज्यांच्या अदालतीत कारकुनी करतो ते मुन्सफसाहेबसुद्धा म्हणाले, 'पेशकारजी, लेकराला इतकं गोड कशाला खाऊ घातलं?' अहो, गोड कशाचं! ही वेगळी. लहानपणीच धरते. अंगात जो रस आपोआप तयार व्हायचा तो होतच नाही, मग तो बाहेरून टोचायचा — सकाळी जेवायच्या आधी, संध्याकाळी जेवायच्या आधी, आज, उद्या, परवा, सणाला, सुतकात. थांबायचं नाही. थांबलं की माणूस गेलं.

ते औषध हैदराबादेहून रेल्वेनं येतं, बर्फात. इथं आलं की नव्या माठात, ओल्या वाळूत. आणि करतात कशापासून — जरा हळू बोलतो — जनावराच्या पोटातनं काढतात. घरी मी सांगितलंय, विलायती मुळीचा रस आहे. कारण आमची आक्का! आक्का म्हणजे कस्तुराबाई, माझी थोरली बहीण, तिकडं लातूरकडच्या मुरुडला दिलेली. यजमान गेले तशी माझ्याकडं आली, आणि सौदामिनीच्या आईमागं घर तिनंच उचललं. सोवळं असलं कडक की औषधाच्या बाटलीवरही गंगेचं पाणी शिंपडल्याशिवाय हात लावत नाही.

आणि रोजचा तपास. काचेच्या नळीत निळं पाणी असतं, त्यात तिच्या लघवीचे थेंब — माफ करा, बीमारीत लाज धरून भागत नाही — आणि दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर बेस. हिरवं झालं तर सांभाळा. विटकरी झालं तर मेलो. हे सारं तीच करायची, सुई सहाणेवर घासण्यापासून. माझ्याकडं काय होतं? माझ्याकडं विचारायचं होतं. डोळा उघडला की, चूळ भरायच्या आधी — 'सौदामिनी, रंग कोणता?' निळा म्हणली की माझा दिवस गोड. विटकरी म्हणली की मी अदालतीत पक्षकारांच्या अंगावर धावून जायचो. वकील लोक लई हुशार, आत येण्याआधी शिपायाला विचारायचे, 'पेशकारांकडं आज काय रंग?' — आणि विटकरी असला की पुढची तारीख मागून मोकळे. हसू नका. एका बिचाऱ्याचा बांधाचा दावा माझ्या पोरीच्या रंगापायी कितीदा पुढं गेला.

मग काय झालं, रंग निळाच येऊ लागला. रोज निळा! महिनाभर निळा! मी म्हणालो, बीमारी गेली. डॉक्टरसाहेबांना विचारलं का म्हणता? विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, मग कशाला विचारायचं? कचेरीत पेढे वाटले, गल्ली जेवायला बोलावली, पोरीला पाटावर बसवलं, भोवती रांगोळी, आणि पहिला घास मी स्वतः भरवला — पुरणपोळीचा, वर गुळवणी. ती माझ्याकडं बघत राहिली. मग खाल्लं तिनं. एक खाल्ली, दुसरी मागून घेतली, तिसरी आक्कानं वाढली. तिच्या ताटाकडं कोणी डोळे वटारून बघत नव्हतं, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. कशी खात होती म्हणून सांगू! जशी काही सासरहून माहेराला आली.

त्याच रात्री उलट्या सुरू झाल्या त्या थांबेनात. श्वास असा जोरजोरानं, आणि त्याला सडक्या फळांचा वास. टांग्यातनं दवाखान्यात नेली, तिला माझी ओळख राहिली नव्हती. हाताला नळी लावून पाणी चढवलं, डॉक्टरसाहेब हलले नाहीत तिथनं. शेवटी तिनं डोळे उघडले. मी तसाच पुढं झालो, आणि माझ्या तोंडातनं काय निघालं असेल? सांगा बरं. — हाव. तेच. 'रंग कोणता?'

तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

मग भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाली, 'अण्णा, नळीत मी विहिरीचं पाणी टाकत होते.' म्हणजे मी ज्याचे पेढे वाटले ते आमच्या आडाचं पाणी! आडाला साखरेची बीमारी नाही, एवढंच सिद्ध झालं. आणि सुई? 'कधी टोचली, कधी नाही. थकले अण्णा. सुई दुखत नाही हो आता. पण बैलाला पोळा असतो, त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. तुमच्या कचेरीला शुक्रवारची सुट्टी असते. मला काय आहे?'

मी म्हणालो, मंजूर. उभ्या नोकरीत कुणाची दरख्वास्त इतक्या झटपट मंजूर होताना पाहिली नाही. सुई थांबायची नाही, पण शुक्रवारी सारा भार माझा — उकळणं, तपासणं, माप भरणं, टोचणं. तिनं फक्त दंड पुढं करायचा. आदल्या दिवशी वांग्यांना टोचून सराव केला. ती वांगी आक्कानं फेकून दिली ते वेगळं. शुक्रवार उजाडला. अंघोळ केली, शेरवानी चढवली, टोपी घातली — सरकारी कामाला घालतो, मग हे काय कमी होतं? नळी दिव्यावर धरली. झालं हिरवं. आणि मी ओरडलो, 'हिरवा!' अहो, गल्लीत ऐकू गेलं, समोरच्या मलप्पा तेल्यानं विचारलं, 'हिरवा झेंडा? आज कोणता मोहरम?' सौदामिनी हसायला लागली. इतकी हसली, इतकी हसली की मलाही हसू आलं — आणि मी हसतोय तोवर तिकडं ती रडत होती. कधी सुरू झालं ते कळलंच नाही मला. म्हणाली, 'अण्णा, शुक्रवारी सुई आक्का देईल. तुम्ही बाहेर जाऊन बसा.' मी म्हणालो, बाहेर म्हणजे ओट्यावर? 'जिथनं तुमचा चेहरा मला दिसणार नाही तिथं.'

आक्कानं तोंडानं स्तोत्र पुटपुटत पिचकारी भरली, टोचली, पुसली, म्हणाली, 'चल, वेणी घालते.' झालं! रंगाचं नाव नाही. मी म्हणालो, आक्का, तुला चालतं का ते औषध? तर म्हणते, 'मुळीला असला वास येतो होय रे? पहिल्या दिवशीच कळलं मला. मी मुकाट राहिले, तुला जमत नाही.'

तेव्हापासून शुक्रवारी मी इथं, टेशनावर. नाही, कुठं जायचं नाही मला. कोणी यायचंही नाही. घरातनं काढलंय मला, शुक्रवारपुरतं. ती दिवसभर काय करते, माहीत नाही. विचारायचं नाही असं ठरलंय. बाकीचे दिवस तिचं तीच बघते, कधी विटकरी आला तर आपण होऊन सांगते, आणि मी — मी सकाळी विचारतो, 'झोप लागली का?' पहिल्या दिवशी जीभ वळेना हो, 'झो… रंग' असलं काहीतरी बाहेर पडलं. आता जमतं.

काय म्हणालात? माझ्या माघारी? माझ्या माघारी पोरीचं कोण करणार — असं विचारता? अहो, कोण करणार म्हणजे… तीच करते की. इतकी वर्षं तीच. उकळायची ती, टोचायची ती, पंगतीतनं उपाशी उठायची ती. मी तर नुसता रंग…

सिग्नल पडला बघा. परभणीची गाडी. उठा, ते गाठोडं घ्या, जनाना डबा मागं लागतो, तुम्ही पुढं व्हा. नाही, पाणी नको मला. काही नको. जा राव तुम्ही. जा म्हणतो ना.