तांबट आळीतलं व्याख्यान

मंदीच्या त्या दिवसांत मुंबईहून युनिव्हर्सिटीच्या अर्थशास्त्र विभागाचे एक प्राध्यापक नाशिकला व्याख्यानं द्यायला यायचे, आणि सगळी व्यवस्था माझ्या गळ्यात पडायची. पहिल्या खेपेला मी मूर्खासारखा तांबट आळीतला हॉल घेतला. भांडी घडवणाऱ्या हातोड्यांचा असा ठणठणाट, की प्राध्यापकांचा घसा बसला, पण ‘देशी धंद्यांचं भवितव्य’ काही कुणाला ऐकू गेलं नाही.

दोन वर्षांनी दुसरा हॉल मिळेना, म्हणून पुन्हा तिथंच. विषयही तोच. मी धास्तावलेला. पण हॉल खच्चून भरला आणि शब्द न् शब्द शेवटच्या बाकापर्यंत पोचला.

प्राध्यापक खूश! व्याख्यान संपल्यावर मला म्हणाले, “आमच्या विभागाच्या कामाचं हे यश बरं का! लोकांना गोडी लागली. आणि केवढी शांतता! हातोडे बंद ठेवायला सांगितलंत वाटतं?”

मी तोंड उघडायच्या आत पुढच्या बाकावरचे म्हातारे रामभाऊ तांबट उठले.

“कुणी सांगायला लागलं नाही, साहेब. हातोडेवाले आम्ही सगळे इथंच बसलोय. हाताला काम असतं, तर व्याख्यानाला कोण आलं असतं?”