मोजणी शून्यापासून

मुख्याध्यापक सर, शिक्षक मंडळी, गजभिये काकू, वस्तीतून आलेली सगळी माणसं आणि मुलांनो,

मला बोलता येत नाही, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. सहा वर्षं मी या शाळेत विज्ञान शिकवते, पण शिक्षकांच्या सभेत कधी तोंड उघडलेलं नाही. आज उघडते आहे. आवाज मागे पोचला नाही तर हात वर करा.

आपले गजभिये काका गेल्या मंगळवारी गेले. मी परकर-पोलक्यात या शाळेत आले तेव्हापासून ते इथल्या प्रयोगशाळेचे अटेंडंट होते. माझ्याआधी चार जण बोलले. काका प्रामाणिक होते, वेळेवर यायचे, कधी मान वर करून बोलले नाहीत, असं चौघांनीही सांगितलं. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी खरी नाही. ती दुरुस्त करायला मी उभी आहे.

मी इथेच शिकले. दीक्षा घेतल्यावर आमच्या घरातले जुने देव गेले. शाळेच्या माठाजवळची जुनी रीतही हळूहळू गेली. प्रयोगशाळेतली मात्र गेली नव्हती, कारण ती रीत आहे हेच कुणाला दिसत नव्हतं. चार-चार जणांचा गट असायचा. एकाने लंबक सोडायचा, एकाने घड्याळ धरायचं, एकाने पट्टी लावायची. चौथी मी. "तुझं अक्षर छान आहे, तू लिही." किती गोड बोलणं! मला दोन महिने त्याचा अभिमान वाटत होता. मग एकदा शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे लिहायला आमच्याच वस्तीतला मोरेश्वर. त्याचं अक्षर त्याचं त्यालाही लागत नसे.

हे पाहणारा दुसरा माणूस कोपऱ्यात फडकं घेऊन उभा होता.

"काहून वं पोरी," एक दिवस काकांनी विचारलं, "तू नुसती लिहूनच राहिली. हात नाही का तुले?"

"काका, माझ्यानं काही फुटलं म्हंजे?"

"फुटलं तं फुटलं. इथच्या काचा मीच झाडतो. कोणाकोणाच्या हातून फुटल्या, मले सारं माहीत हाये. आपल्या पोराइच्या हातून एक बी नाही फुटली. फुटंन कशी? हातात देल्लीच नाही कोणी!"

आणि ते हसले. मला मात्र हसू आलं नाही.

त्याच आठवड्यात काका तेव्हाच्या मुख्याध्यापकांकडे गेले. मी दाराबाहेर उभी होते. रविवारी मी साफसफाईला येतोच, ज्यांना उपकरणांना हात लावायचा आहे त्या मुलांना दोन तास येऊ द्या, असं ते म्हणाले. मान वर करून म्हणाले. मी पाहिलं आहे, म्हणून सांगते.

पहिल्या रविवारी आम्ही पाच जण होतो. काकांनी लंबक बांधून दिला. ते मूळचे खाप्याचे, वडील हातमागावर विणायचे. त्यामुळे काकांनी दोऱ्याला मारलेली गाठ कधी सरकली नाही. मी वीस हेलकावे मोजले, घड्याळ पाहिलं, गणित केलं. गुरुत्वत्वरणाचं पुस्तकातलं उत्तर होतं नऊशे ऐंशी. माझं आलं एक हजार शहाऐंशी. लेखी परीक्षेत वर्गात पहिली येणारी मुलगी मी! मी खोडरबर काढलं.

"मिटवू नको. कोणाचं हाये हे?"

"चुकलं, काका."

"चुकलं, पण तुयं हाये. आजवर तं त्यायचं बरोबर लिहून राहिली होती."

त्यांनी मला पुन्हा मोजायला लावलं. मी लंबक सोडला आणि म्हटलं, "एक."

"थांब. अजून तो गेला नाही, आला नाही, अन् तू एक म्हणून राहिली? सोडताना शून्य म्हण."

म्हणजे मी वीस म्हणेपर्यंत हेलकावे एकोणीसच झालेले असायचे. काका मॅट्रिक नापास होते. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, ते पाहून पाहून शिकले होते. ज्यांच्या हातात लंबक होता त्या मुलांना ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. मला कळायला वर्ष लागलं. आमच्या मुलांना गणित जमत नाही, विज्ञान त्यांच्या डोक्यात शिरत नाही, असं शिक्षकांच्या खोलीत मी सहा वर्षं ऐकते आहे. मला विचारायचं आहे, ते वर्ष माझ्याकडून कुणी घेतलं?

आणखी एक सांगते. सांगायला लाज वाटते. शिक्षिका झाल्यावर पहिल्याच महिन्यात, तास उरकायच्या घाईत, मी एका मुलीला म्हटलं, "तुझं अक्षर चांगलं आहे, तू लिही." काका फडकं घेऊन तिथेच होते. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी त्या मुलीच्या हातातली वही घेतली आणि घड्याळ दिलं. तेव्हापासून माझ्या वर्गात काम पाळीपाळीनं होतं.

आता कालची नोटीस. अटेंडंट नसल्यामुळे आणि उपकरणांच्या सुरक्षेसाठी रविवारची प्रयोगशाळा बंद. काका जाऊन चार दिवससुद्धा झाले नव्हते.

परवा काकूंनी मला घरी बोलावून एक चाबी दिली. म्हणाल्या, "बाई, हे तुमच्या शाळेची. वापस द्याची का ठेवाची, तुमीच पाहा." मी पाहिलं, काकू. मी ती ठेवली आहे.

सर, आपला मान राखून सांगते. उद्या रविवार आहे. सकाळी आठला मी प्रयोगशाळा उघडणार. झाडीनही मीच. काच फुटली तर जबाबदारी माझी. यावर मला जे लेखी विचारायचं ते विचारा. मी लेखी उत्तर देईन. माझं अक्षर चांगलं आहे.

आता काकांसाठी दोन मिनिटं शांत उभे राहू या. हा लंबक मी वरच्या प्रयोगशाळेतून आणला आहे. गाठ काकांच्या हातची आहे, मी ती सोडलेली नाही. दोरा मीटरभराला जरासा कमी, म्हणजे एका जाण्या-येण्याला दोन सेकंद. साठ हेलकावे झाले की दोन मिनिटं होतील. नववीतली सुनंदा तो सोडेल. मागच्या वर्षापर्यंत तीही नुसती लिहीत होती. घड्याळ कुणी पाहू नका. मनात मोजा. काकांना नमस्कार म्हणून एवढंच करा, पहिल्याच क्षणाला एक म्हणू नका.

सुनंदा, सोड.

शून्य.