पाहुण्याचा परिचय, पाहुण्याच्याच हातचा

— नाही हो, माझाच आहे तो, आर्लिसबाई, मीच लिहिलाय! आम्ही सगळे स्वतःच लिहितो. तुम्हाला काय वाटलं, लोक आपणहून लिहितात आमच्याबद्दल असं? धंद्यातली रीतच आहे. वक्त्यानं आपला परिचय आपणच लिहायचा, मोठ्या अक्षरांत, आणि तीन प्रती काढायच्या — एक परिचय करून देणाऱ्याला, एक खिशात, एक गाडीत — कारण पहिली हमखास हरवते आणि दुसरीवर कॉफी सांडते. मग तुमच्यासारख्या संस्थेच्या चिटणीसबाईंनी माइकसमोर उभं राहून तो अशा थाटात वाचायचा, की जसं काही आठवडाभर खपून तुम्हीच माझी माहिती काढलीय. आणि मी खाली मान घालून लाजायचं. लाजण्याचा सराव केलाय मी, आरशासमोर. बघायचाय? — बरं, राहिलं.

बसा की तुम्ही. शाळेतल्या कुस्तीच्या पोरांची कपडे बदलायची खोली आहे, वास यायचाच. खजिनदार कुठवर आलेत? दार जरा किलकिलं करतो — विजेचे खांब बदलायच्या खर्चावर आहेत अजून. म्हणजे निवांत. नंतर संचालकांच्या निवडणुकीची मतमोजणी, मग मी, मग बक्षिसांची सोडत — सोडत माझ्यानंतरच आहे ना? नक्की? नाही, विचारून ठेवलेलं बरं. माइनॉटच्या बाजूला एका संस्थेनं सोडत आधी काढली होती. हॅम काय, लाकडं कापायची चेनसॉ काय, सगळं वाटून झालं, आणि मी उभा राहिलो तेव्हा समोर संचालकांच्या तीन बायका आणि एक झोपलेले गृहस्थ. त्यांना उठवायला कुणी आलं नाही म्हणून ते राहिले होते. फुकटचं भाषण होतं ते, चौदा फुकटातलं नववं. आजचं पहिलं, ज्याचे पैसे मिळणार. रोंडानं, म्हणजे माझ्या बायकोनं, सकाळी शर्टाला दोनदा इस्त्री केली. म्हणाली, पैसे घेऊन बोलणाऱ्याच्या कॉलरला चुणी दिसता कामा नये.

तर काय म्हणत होतात? — ‘वेगळाच आहे हो.’ आर्लिसबाई, मी नॉर्थ डकोटातच जन्मलो. ‘वेगळा आहे’ म्हणजे काय ते मला कळतं. माझ्या लग्नातल्या सुटाला सासूबाई हेच म्हणाल्या होत्या, आणि नंतर वीस वर्षं कुणीही त्या सुटाचं नाव काढलं नाही. सांगा, काय खटकलं? पेन्सिल काढलीत म्हणजे काहीतरी खटकलंय. ‘देशभर मागणी असलेले वक्ते’ — हं. ते ना, ते सगळेच लिहितात. दोन राज्यांत बोललोय मी. मिनेसोटात एकदा. हो, मेहुणीच्या चर्चमध्ये, पण मिनेसोटातच आहे ते चर्च! बरं, खोडा. खोडा, मला काही वाटत नाही. ‘लोकप्रिय ग्रंथाचे लेखक’ — पुस्तक आहे माझं, खरंच आहे, गाडीच्या डिकीत आहे. सगळंच डिकीत आहे म्हणा ना. मागची चाकं दबलीत त्यानं, हिवाळ्यात गाडी घसरत नाही, तेवढा फायदा. ‘लोकप्रिय’ काढा, ‘ग्रंथाचे लेखक’ ठेवा. ग्रंथ पण नको? पुस्तक. बरं, पुस्तक. तुम्ही शाळेत शिकवत होतात काय हो आधी? — वाटलंच.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. तिसऱ्या टेबलावर ती राखाडी जाकिटातली बाई दिसते? राजधानीतनं, बिस्मार्कहून आलीय, राज्यातल्या सगळ्या वीज सहकारी संस्थांच्या अधिवेशनाला वक्ते ती निवडते. मला ऐकायला आलीय. म्हणजे तुमचा तो भट्टीत भाजलेला मटण-बटाट्याचा हॉटडिश खायलाही आली असेल, पण मुख्य म्हणजे मला ऐकायला. तिला मी आवडलो की झालं, आर्लिसबाई, मग बावीस संस्था, बावीस वार्षिक सभा, शाळेच्या जिममध्ये मांडीवर संस्थेनं भेट दिलेली फुकटची बादली घेऊन बसलेले चार-चारशे सभासद — आणि मी! सत्तावीस वर्षं बस चालवली मी, शाळेची. सत्तावीस वर्षं पोरांकडे पाठ करून बसलो. मग दोन तालुक्यांच्या शाळा एक केल्या, माझा रस्ता गेला, मी घरी. घरी बसून काय करतो माणूस? बोलतो. रोंडा म्हणाली, लाइल, मला तू फार आवडतोस, पण हे सगळं तू दुसऱ्या कुणाला तरी सांगशील का?

म्हणून मिनियापोलिसला गेलो, तीन दिवसांच्या वर्गाला. हॉटेलात होता. चाळीस जण, सगळ्यांना व्यावसायिक वक्ता व्हायचं होतं — एक दातांचा डॉक्टर होता, एक घटस्फोटित जुळ्या बहिणी होत्या, फार छान बोलायच्या, एक वाक्य अर्ध्यावर सोडायची आणि दुसरी उचलायची. शिकवणारा म्हणाला, चुटके विसरा, आकडे विसरा, प्रत्येकाकडे एक गोष्ट असते, आयुष्याची, ती काढा. तीच विकायची, तीच जन्मभर सांगायची. आता माझ्याकडे काय होतं? एक बसच होती.

हां, तेच — तुमची पेन्सिल तिथेच थांबलीय. ‘बर्फाच्या वादळात अडकलेल्या बसमध्ये सलग नऊ तास गोष्ट सांगून सव्वीस मुलांना जागं, उबदार आणि जिवंत ठेवणारा आवाज.’ वाक्य कसं आहे? नाही, सांगा ना. यावरच तर तुम्ही मला बोलावलंत, तुमच्या मासिकात हेच छापून आलं. झालं होतं हो, खरंच झालं होतं. एकोणीस वर्षं झाली. जानेवारी, शाळा दुपारी लवकर सोडली, आणि अर्ध्या वाटेत असं वारं सुटलं की मला माझाच वायपर दिसेना. बस खड्ड्यात. रेडिओ मेलेला. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही पाहिलीत तसली वादळं. — नाही, नऊ तास नाही. पाच. सव्वापाच. पण वाट बघताना नऊच वाटतात हो. आणि सव्वीस म्हणजे — बसमध्ये जागा होती सव्वीस काय, पन्नास मुलांची. अकरा होती. लिहा, अकरा लिहा. अकराही काही कमी नाहीत, स्वतःची पोरं मोजून बघा.

खजिनदारांचं संपलं का? टाळ्या वाजल्या. — नाही, कुणीतरी दुरुस्ती सुचवली. देव त्यांचं भलं करो.

एक विचारू? सहज. दाराजवळ, उजवीकडे, हिरवा कोट घातलेली, दोन मुलं आहेत बरोबर, धाकट्यानं बादली डोक्यात घातलीय — ती कोण? तुमचीच सभासद ना? — आडनाव नाही, पहिलं नाव काय? — कर्स्टन. हो. हो, तीच असणार. नाही, काही नाही. ओळखीची आहे. म्हणजे मी तिला बारा वर्षांची पाहिली होती. तशीच आहे, मान तशीच ताठ.

परवा फोन आला होता तिचा. संध्याकाळी, आम्ही जेवायला बसलो होतो. म्हणाली, ब्रेकेकाका, मी कर्स्टन, नऊ नंबरच्या बसमधली. तुम्ही आमच्या वार्षिक सभेला येताय असं वाचलं. म्हटलं हो, ये की! म्हणाली, येणारच आहे, मुलांना घेऊन. माझ्या नणंदेनं तुम्हाला एका चर्चमध्ये ऐकलं, ती सांगत होती, तुम्ही त्या हंसिणीची गोष्ट सांगता आणि ती पुरी करता. ती अर्धीच राहिली होती ना, काका? — एवढंच. मग म्हणाली, हवा बरी दिसतेय, आणि ठेवला फोन. आता तुम्हीच सांगा, ती रागावलीय की नाही? आपल्या लोकांचं हे असं. संतापलेला माणूस जास्तच गोड बोलतो आणि हवेवर येतो. बाहेरचा असता तर शिव्या तरी घातल्या असत्या, मला झोप तरी लागली असती.

का रागावेल? — का म्हणजे... बरं, तुम्ही काही त्या बिस्मार्कच्या बाई नाही, तुम्हाला सांगतो. मिनियापोलिसला मी पहिल्यांदा लिहिलं ना, ते खरंखुरं लिहिलं होतं. मी स्टिअरिंग धरून बसलो होतो. बसून राहिलो. इंजिन चालू ठेवावं तर धूर आत येईल, बंद करावं तर गारठून मरू, आणि मागे अकरा पोरं. आर्लिसबाई, माझ्या तोंडातनं एक शब्द फुटेना. लहानातली एक रडायला लागली तरी मला मागे वळून बघता येईना. आणि तेवढ्यात शेवटच्या सीटवरनं ही उठली, बारा वर्षांची. पुढे आली, एकेकाचं डोकं मोजत. सगळ्यांना मधल्या दोन रांगांत आणलं, एका कोटात दोघं दोघं घातले, पाय आपटायला लावलं — आणि मग गोष्ट सुरू केली. तिच्या आजीची हंसीण, नाताळात कापायची म्हणून वाढवलेली, आणि आजीच्या मागे मागे फिरणारी. चर्चला जाणाऱ्या गाडीमागे धावायची. चर्चमध्ये शिरली, पाद्र्याला चावली. पोरं हसायला लागली! तसल्या गारठ्यात! कुणी पेंगलं की ही थांबायची, त्याचं नाव घेऊन विचारायची, सांग, पुढे काय झालं असेल? सव्वापाच तास. मी पुढे बसून ऐकत होतो. खरं सांगू, त्या गोष्टीनं अकराच नाही, बाराजण वाचले.

हे मी वर्गात वाचलं. शिकवणारा म्हणाला, सुंदर. पण यात नायक ती मुलगी आहे. तुम्हाला पैसे देऊन कोण बोलावेल? तिला बोलावतील. तुम्ही कुठे आहात यात? आणि मी — एक वाक्य हलवलं हो. एकच. ‘ती म्हणाली’ होतं, तिथे ‘मी म्हणालो’ केलं. बाकीचं सगळं तसंच. आणि पहिल्यांदा सांगितलं तेव्हा चर्चमधल्या म्हाताऱ्या डोळे पुसायला लागल्या, एकीनं माझे हात धरले. फार गोड लागतं हो ते. सत्तावीस वर्षं कुणी माझा हात धरला नव्हता, पोरं फक्त ‘बाय’ म्हणून उतरायची. पुढच्या वेळी मुलं पंधरा झाली. मग वीस. मला माझंही खरं वाटायला लागलं होतं, परवाच्या फोनपर्यंत. लाज वाटते मला. सरळ सांगतो, लाज वाटते.

— काय? राहू द्यायचं? तसंच वाचते म्हणता? ‘कुणाला काय कळतंय.’ आर्लिसबाई, तुम्ही फार भल्या आहात, आणि मोह होतोय मला, खोटं कशाला बोलू. राखाडी जाकीटवाली वही उघडून बसलीय. रोंडा घरी फोनजवळ बसली असेल. आणि हिरवा कोटही काही बोलणार नाही, ती तसली नाही. ऐकेल, शेवटी हात मिळवेल, म्हणेल, छान झालं काका. आणि घरी जाताना गाडीत पोरं विचारतील, आई, ते काका फार शूर होते का गं? आणि ती म्हणेल, हो.

हा आता खरा टाळ्यांचा आवाज. मोजणी झाली. द्या ती पेन्सिल. द्या इकडे, तुमच्याच्यानं नाही व्हायचं. हे खोडलं, हे खोडलं — ‘आवाज’ पण खोडला. काय उरलं? ‘लाइल ब्रेके, शाळेच्या बसचे चालक.’ खाली लिहितो मी, अक्षर लागेल ना? ‘वादळात मुलांना कर्स्टननं जगवलं. त्या आज इथे आल्या आहेत.’ थांबून वाचा, घाई नको. ती उभी राहिली नाही तर नाही राहिली, तुम्ही तिच्याकडे बघू नका.

मग मी काय बोलणार? अहो, तेच तर! गोष्ट अर्धी राहिली होती, कारण मध्येच बर्फ काढायचं यंत्र आलं. खाटकाच्या दारात आजी हंसिणीला घेऊन उभी, आणि बाहेर भोंगा वाजला. पोरं उतरली, ज्याच्या त्याच्या आईनं नेली, शेवट कुणी ऐकलाच नाही. तो मी केला. दोन वर्षं लागली मला, घरी बसून, एकट्यानं. या सबंध कागदात तेवढंच माझं आहे. ते सांगतो तिला. बाकीच्यांनी ऐकलं तर ऐकलं, बिस्मार्कवाल्या बाईनं वही मिटली तर मिटली.

बोलावताहेत तुम्हाला. जा, आर्लिसबाई. चष्मा घ्या. — नाही, आता काही विचारू नका, जा.